पन्नास डॉलरचं औषध, दोन हजार डॉलरचं औषध

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २००६ मध्ये ल्युसेंटिस या औषधाला मान्यता दिली. उतारवयात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी होऊन नजर जाते, त्या रोगावर तोवर आलेले उपचार फार तर नुकसान लांबवत. या औषधाने पुष्कळ रुग्णांची गेलेली नजर काही प्रमाणात परत येत होती. एका इंजेक्शनची किंमत होती सुमारे दोन हजार डॉलर, आणि ते दर महिन्याला घ्यायचं होतं.

गंमत अशी, की त्याच्या आधी वर्षभर काही डॉक्टर त्याच कंपनीचं दुसरं औषध याच रोगासाठी डोळ्यात टोचत होते. ते मुळात कॅन्सरचं. डोळ्यासाठी त्याला कुठलीही मान्यता नव्हती. त्याच्या एका डोसला पन्नास डॉलर पडत. दोन्ही औषधं शरीरातल्या एकाच प्रथिनाला अडवत होती. मग त्यांच्यात चाळीस पट किमतीइतका फरक होता का? आणि नसला तर ते सिद्ध करून दाखवायचं कोणी? पडद्याच्या रोगांवरचं गेल्या वीस वर्षांतलं संशोधन नीट कळायला या भांडणाइतकी चांगली वाट दुसरी नाही.

आधी रोग समजून घेऊ. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागी जेमतेम पाच-साडेपाच मिलिमीटर व्यासाचा पिवळसर भाग असतो, त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, लांबून येणाऱ्या बसची पाटी ओळखणं, समोरच्या माणसाचा चेहरा पाहणं ही सगळी बारकाईची कामं या एवढ्याशा जागेवर चालतात. मॅक्युलाची झीज झाली की नजरेचा मधला भाग जातो, कडेचा शाबूत राहतो. त्यामुळे असा रुग्ण घरात कशालाही न अडखळता वावरतो, आणि ओळखीचा माणूस पुढ्यात उभा राहिला तरी आवाज ऐकेपर्यंत त्याला ओळखत नाही. ‘यांना सगळं दिसतं, फक्त वाचायला सांगितलं की दिसत नाही,’ असा शेरा घरच्यांकडून ऐकायची वेळ अनेकांवर येते. तो शेरा म्हणजे नकळत केलेलं अचूक निदान असतं.

झीज होते कशी? प्रकाश टिपणाऱ्या पेशी आपली टोकं रोज थोडी थोडी टाकून देत असतात. ही टाकलेली टोकं पचवण्याचं काम त्यांच्या मागे असलेला रंगद्रव्ययुक्त पेशींचा एक थर करतो. त्या थराच्याही मागे एक पातळ पडदी, आणि तिच्यापलीकडे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. वय वाढतं तसा पचवणारा थर मागे पडू लागतो आणि न पचलेला ऐवज पडदीवर पिवळसर ठिपक्यांच्या रूपाने साचतो. या ठिपक्यांना ड्रुसेन म्हणतात. थोडे ठिपके अनेक वयस्करांच्या डोळ्यांत असतात आणि त्यांनी काही बिघडत नाही. ते मोठे आणि पुष्कळ झाले की रोगाची सुरुवात धरतात.

पुढे दोन वाटा फुटतात. एक कोरडा प्रकार. त्यात पेशी सावकाश, वर्षानुवर्षं मरत जातात आणि शेवटी मॅक्युलात पेशीच उरलेल्या नसलेले चट्टे तयार होतात. दहापैकी आठ-नऊ रुग्णांना हाच प्रकार असतो. दुसरा ओला. त्यात पडदीच्या मागच्या जाळ्यातून नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि भिंतीच्या तड्यातून शिरलेल्या पिंपळाच्या मुळांसारख्या पडदी भेदून पुढे येतात. या वाहिन्या कच्च्या असतात. त्या पाझरतात, कधी त्यांतून रक्तस्राव होतो, पडद्याला सूज येते आणि अखेर तिथे वण पडतो. कोरड्याला वर्षं लागतात तिथे ओल्याला काही आठवडे-महिने पुरतात. त्यामुळे रुग्ण संख्येने थोडे असूनही नजर गंभीरपणे जाण्याच्या घटनांत पूर्वी ओल्या प्रकाराचाच वाटा सगळ्यात मोठा होता.

१९८० च्या दशकात यावर एकच इलाज होता, लेझरने नव्या वाहिन्या जाळून टाकणं. पण लेझर वाहिनीबरोबर तिच्यावरचा पडदाही जाळतो. वाहिनी मॅक्युलाच्या मधोमध असली तर उपचारानेच नजर जाई, आणि रुग्णाला ते आधी सांगावं लागे. २००० साली व्हिस्युडाइन आलं. हे औषध शिरेतून द्यायचं आणि डोळ्यावर थंड लेझर टाकून फक्त नव्या वाहिन्यांत ते जागं करायचं. याने नासधूस कमी झाली, पण सुधारणा क्वचितच दिसे.

खरा प्रश्न वेगळाच होता. या वाहिन्यांना वाढायला सांगतं कोण? १९४८ मध्ये आयझॅक मायकेलसन या नेत्रतज्ज्ञाने तर्क मांडला होता, की प्राणवायू कमी पडलेला पडदा कुठलासा पदार्थ सोडत असावा आणि त्या पदार्थामुळे नव्या वाहिन्या फुटत असाव्यात. तो पदार्थ कोणता हे पुढची चाळीस वर्षं कोणालाच कळलं नाही. १९७१ मध्ये बोस्टनचे शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी कॅन्सरबद्दल तसाच विचार मांडला. गाठ मोठी व्हायची तर तिला नवा रक्तपुरवठा लागतो, तो तोडला तर गाठ वाढणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. बऱ्याच जणांना ते तेव्हा पटलं नाही.

१९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जेनेनटेक कंपनीत नेपोलिओने फेरारा या इटालियन शास्त्रज्ञाने गाईच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या पेशींमधून एक प्रथिन वेगळं काढलं. ते रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना वाढायला लावत होतं. त्याचं नाव ठेवलं व्हीईजीएफ. १९८३ मध्ये हॅरोल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला वाहिन्या पाझरवणारं एक प्रथिन सापडलं होतं, ते हेच निघालं. म्हणजे वाहिनी फुटवणारा आणि तिला गळकी करणारा एकच होता. ओल्या प्रकारात नेमकं हेच दोन्ही घडत होतं. १९९४ मध्ये मधुमेहाने पडदा बिघडलेल्या रुग्णांच्या डोळ्यांतल्या द्रवात हे प्रथिन भरपूर प्रमाणात असल्याचं दिसलं आणि मायकेलसन यांचा तो अज्ञात पदार्थ हाती आला.

फेरारांच्या गटाने या प्रथिनाला पकडून निष्प्रभ करणारं प्रतिपिंड तयार केलं. त्यातून बेव्हासिझुमॅब, म्हणजे अव्हास्टिन, निघालं आणि फेब्रुवारी २००४ मध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. डोळ्यासाठी मात्र कंपनीने वेगळा रेणू केला. अख्खं प्रतिपिंड पडद्याच्या थरांतून आत झिरपण्याइतकं लहान नाही, असं त्या वेळच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून वाटत होतं. म्हणून प्रतिपिंडाचा फक्त पकडणारा तुकडा घेतला आणि त्याची पकड आणखी घट्ट केली. हा तुकडा मूळ प्रतिपिंडाच्या साधारण एक तृतीयांश आकाराचा. तोच रानिबिझुमॅब, म्हणजे ल्युसेंटिस.

ल्युसेंटिसची ७१६ रुग्णांवरची ‘मरीना’ ही चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाअखेर औषध मिळालेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर टिकली होती. खोटं इंजेक्शन दिलेल्या गटात हे प्रमाण ६२ टक्के होतं. मोठा डोस मिळालेल्या गटात तर तिघांपैकी एकाला तक्त्यावर पंधरा किंवा अधिक अक्षरं जास्त वाचता येत होती. पडद्याच्या डॉक्टरांनी असे आकडे आपल्या हयातीत पाहिले नव्हते.

पण मान्यता मिळेपर्यंत थांबायला रुग्णांना वेळ नव्हता. २००५ मध्ये मायामीतले डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी बाजारात उपलब्ध असलेल्या अव्हास्टिनचा अगदी सूक्ष्म डोस थेट डोळ्यात दिला. आठवड्याभरात पडद्याखालचं पाणी ओसरल्याचं पडद्याच्या स्कॅनवर दिसलं. अख्खं प्रतिपिंड आत पोचत नाही, हा समज मागे पडला. बातमी जगभर पसरायला फार दिवस लागले नाहीत. कॅन्सरच्या रुग्णासाठीच्या चार मिलिलीटरच्या कुपीतून डोळ्याला लागतो एका मिलिलीटरचा विसावा भाग. त्यामुळे एका कुपीतून कित्येक डोस काढता येतात. पन्नास डॉलरचं रहस्य एवढंच.

कंपनीची भूमिका होती, की अव्हास्टिन डोळ्यासाठी बनवलेलं नाही आणि त्याची तशी चाचणीही झालेली नाही. बोलणं चुकीचं नव्हतं. पण ती चाचणी कंपनी करणार नव्हती. स्वतःचं स्वस्त औषध स्वतःच्या महाग औषधाइतकंच चांगलं आहे, हे सिद्ध करण्यासाठी कोण पैसे घालेल? २००७ मध्ये कंपनीने कुपीचे छोटे डोस करणाऱ्या औषधशाळांना अव्हास्टिन विकणं थांबवण्याचं जाहीर केलं. नेत्रतज्ज्ञांनी गदारोळ केल्यावर डॉक्टरांना ते थेट मागवण्याची मुभा राहिली.

अखेर अमेरिकेच्या सरकारी नेत्रसंस्थेने, नॅशनल आय इन्स्टिट्यूटने, जनतेच्या पैशातून दोन्ही औषधं समोरासमोर उभी केली. सुमारे बाराशे रुग्णांवरच्या या ‘कॅट’ चाचणीचे निकाल २०११ मध्ये आले. दर महिन्याला ल्युसेंटिस घेणाऱ्यांना वर्षभरात सरासरी साडेआठ अक्षरं जास्त दिसू लागली, अव्हास्टिन घेणाऱ्यांना आठ. फरक नगण्य. शरीरावरच्या गंभीर दुष्परिणामांचे आकडे अव्हास्टिनच्या गटात थोडे जास्त होते, म्हणून शंका राहिली. पुढे अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर तसा फरक दिसला नाही. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हासिझुमॅबला डोळ्याच्या वापरासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं.

वाद तरी संपले नाहीत. इटलीच्या स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये जेनेनटेकची मालक रोश आणि अमेरिकेबाहेर ल्युसेंटिस विकणारी नोव्हार्टिस या दोन कंपन्यांना मिळून सुमारे १८ कोटी युरोंचा दंड केला. रुग्णांना महाग औषधाकडे वळवण्यासाठी दोघींनी संगनमताने दोन औषधांत नसलेला फरक दाखवला, असा आयोगाचा निष्कर्ष होता. इंग्लंडमध्ये उत्तरेकडच्या आरोग्य यंत्रणांनी रुग्णांना अव्हास्टिनचा पर्याय देऊ केला, तेव्हा महाग औषधं विकणाऱ्या कंपन्या कोर्टात गेल्या आणि २०१८ मध्ये हरल्या.

स्वस्त औषधाला त्याची स्वतःची जोखीम आहे, हेही सांगायला हवं. एका कुपीतून अनेक डोस काढताना निर्जंतुकपणा जराही चुकला, तर एकाच दिवशी अनेक डोळ्यांत संसर्ग जातो. २०११ मध्ये फ्लोरिडात तसं घडलं. जानेवारी २०१६ मध्ये गुजरातेत रुग्णांना त्रास झाल्यावर आपल्याकडच्या औषध नियंत्रकांनी डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा काढला आणि नेत्रतज्ज्ञांनी दाद मागितल्यावर मार्चमध्ये तो मागे घेतला. अशा वेळी दोष रेणूचा नसतो, डोस भरणाऱ्या हातांचा आणि जागेचा असतो.

भारताने या भांडणातून आणखी एक वाट काढली. २०१५ मध्ये अहमदाबादच्या इंटास कंपनीचं राझुमॅब बाजारात आलं. रानिबिझुमॅबची जैवसमान आवृत्ती मान्यता मिळवून विकणारा भारत हा जगातला पहिला देश. अमेरिका आणि युरोपात अशी औषधं त्यानंतर काही वर्षांनी आली. आज आपल्याकडे पडद्याच्या डॉक्टरांपुढे तीन-चार किमतींचे पर्याय असतात, आणि कोणतं परवडेल हा प्रश्न ते रुग्णाला विचारू शकतात. महिन्याला एक याप्रमाणे हे उपचार वर्षानुवर्षं चालू ठेवावे लागतात, तिथे हा प्रश्न वैद्यकीयच असतो. इंजेक्शनं मधेच थांबवली की वाहिन्या पुन्हा पाझरू लागतात. चाचण्यांतल्या रुग्णांचा सात-आठ वर्षांनी मागोवा घेतला, तेव्हा सुरुवातीला मिळालेला फायदा बऱ्याच जणांच्या बाबतीत ओसरला होता. त्याचं एक कारण पुरेशी इंजेक्शनं न मिळणं हे मानलं जातं.

म्हणूनच ओल्या प्रकारावरचं पुढचं संशोधन इंजेक्शनांमधलं अंतर वाढवण्याच्या मागे लागलं. २०११ मध्ये अफ्लिबरसेप्ट आलं, ते दोन महिन्यांनी एकदा देता येतं. २०२२ मध्ये फॅरिसिमॅब आलं, ते व्हीईजीएफबरोबर आणखी एका प्रथिनाला अडवतं आणि काही रुग्णांत चार महिन्यांपर्यंत पुरतं. डोळ्याच्या पेशींनीच हे औषध तयार करावं, अशा जनुकीय उपचारांच्या चाचण्या चालू आहेत. याच औषधांचा उपयोग मधुमेहाने पडद्याला येणाऱ्या सुजेवरही होतो. भारतात सुमारे दहा कोटी माणसांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ते पाहता आपल्याकडे हा उपयोग अधिकच मोलाचा.

कोरड्या प्रकाराची कहाणी अशी उजळ नाही. तिची सुरुवात मात्र झकास झाली होती. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एकाच सुमाराला तीन गटांनी जाहीर केलं, की शरीराच्या संरक्षण व्यवस्थेला आवर घालणाऱ्या फॅक्टर एच या प्रथिनाच्या जनुकातला एक बदल या रोगाचा धोका बराच वाढवतो. त्यांतल्या एका गटाने अवघे ९६ रुग्ण आणि ५० निरोगी माणसं तपासली होती. संपूर्ण जनुकसंच चाळून रोगाशी जोडलेला बदल शोधण्याच्या पद्धतीला मिळालेलं हे पहिल्या काही यशांपैकी एक. अर्थ असा लागला, की कॉम्प्लिमेंट नावाची संरक्षण यंत्रणा जंतूंवर तुटून पडण्याऐवजी पडद्याच्या मागे धुमसत राहते. मग तिला लगाम घातला की झालं!

झालं नाही. लॅम्पालिझुमॅब या औषधाकडून फार आशा होत्या. २०१७ मध्ये त्याच्या दोन्ही मोठ्या चाचण्या फसल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत पेगसेटाकोप्लॅन आणि अव्हासिनकॅप्टॅड या दोन औषधांना मान्यता मिळाली. मृत पेशींचा चट्टा पसरण्याचा वेग ती कमी करतात, पेगसेटाकोप्लॅनच्या बाबतीत सुमारे एक पंचमांशाने. पण रुग्णाला जास्त चांगलं दिसू लागल्याचं चाचण्यांत आढळलं नाही, आणि औषध घेणाऱ्यांपैकी काहींच्या डोळ्यात ओला प्रकार सुरू होण्याचं प्रमाण वाढलं. युरोपच्या औषध संस्थेने पेगसेटाकोप्लॅनला २०२४ मध्ये नकार दिला. आकडे तेच, पण चट्ट्याचा आकार कमी वाढला याला उपचार म्हणायचं की नाही यावर दोन संस्थांचं उत्तर वेगळं आलं.

गोळ्यांचं काय? औषधांच्या दुकानांत ‘डोळ्यांसाठी’ म्हणून मिळणाऱ्या बहुतेक गोळ्यांचा आधार अमेरिकेतल्या ‘एरेड्स’ या एकाच अभ्यासापर्यंत जातो. २००१ मध्ये त्यात दिसलं, की क आणि ई जीवनसत्त्वं, बीटा कॅरोटीन, जस्त आणि तांबं ठरावीक मोठ्या मात्रेत घेतल्यास मध्यम टप्प्यातल्या रुग्णांचा रोग पुढच्या टप्प्यावर जाण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. पुढे बीटा कॅरोटीनने धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो म्हणून २०१३ च्या दुसऱ्या अभ्यासानंतर त्याच्या जागी ल्युटीन आणि झिॲझॅन्थिन आले. ज्यांना रोगच नाही किंवा अगदी सुरुवात आहे, त्यांना या गोळ्यांचा फायदा दिसलेला नाही. धूम्रपानाने मात्र या रोगाचा धोका दुपटीहून अधिक वाढतो. आई-वडिलांकडून आलेली जनुकं बदलता येत नाहीत, विडी-सिगारेट सोडता येते.

जिथे औषध नाही तिथे बाजार भरतो. २०१७ मध्ये अमेरिकी डॉक्टरांनी तीन वृद्ध स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. फ्लोरिडातल्या एका क्लिनिकने त्यांच्याकडून पैसे घेऊन त्यांच्याच चरबीतून काढलेल्या तथाकथित स्टेम सेल एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या होत्या. तिघींचीही नजर कायमची अधू झाली. खऱ्या संशोधनाची चाल अगदी निराळी असते. जपानमध्ये मासायो ताकाहाशी यांच्या गटाने २०१४ मध्ये रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून तयार केलेला पडद्यामागचा थर एका स्त्रीच्या एका डोळ्यात बसवला. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा त्यांनी ती शस्त्रक्रिया केलीच नाही. रुग्णाकडून उपचाराचे पैसे घेतले जात आहेत का, आणि एका वेळी दोन्ही डोळ्यांवर प्रयोग होतो आहे का, एवढं विचारलं तरी पुष्कळ अनर्थ टळतील.

सर्वांत ताजी बातमी एका चकतीची आहे. स्टॅनफर्डचे डॅनियल पॅलंकर यांच्या कल्पनेतून तयार झालेली ‘प्रिमा’ ही दोन मिलिमीटर चौरस चिप मेलेल्या पेशींच्या जागी पडद्याखाली बसवतात. चष्म्यातला कॅमेरा समोरचं चित्र अवरक्त किरणांनी तिच्यावर टाकतो आणि चिप त्याचे विद्युतसंकेत करून उरलेल्या मज्जापेशींना पोचवते. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपातल्या ३८ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले. वर्षभर टिकलेल्या ३२ पैकी २६ जणांची नजर लक्षणीय सुधारली आणि त्यांना अक्षरं वाचता आली. दिसतं ते काळं-पांढरं, सराव महिनोन्‌महिने करावा लागतो, आणि शस्त्रक्रियेतल्या गुंतागुंतीही कमी नव्हत्या. तरीही कोरड्या प्रकारात गेलेली मधली नजर काही अंशी परत आणून दाखवणारा हा महत्त्वाचा टप्पा.

एवढं सगळं असूनही आपल्याकडे अनेकांची नजर जाते ती उशिरामुळे. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला आणि त्याचा भर दीर्घकाळ मोतीबिंदूवर राहिला. त्यामुळे ‘वय झालं, मोतीबिंदू असेल, पिकला की काढू’ ही समजूत घरोघर पक्की आहे. ओल्या प्रकारात असं थांबणं परवडत नाही. दोन डोळ्यांपैकी एक बिघडला तर दुसरा त्याची उणीव झाकतो, म्हणून तपासताना एकेक डोळा झाकूनच पाहायचं. वाचायचा चष्मा लावून खिडकीचे गज, दाराची चौकट किंवा भिंतीवरच्या टाइल्सच्या रेघा पाहाव्यात. सरळ रेघ मधेच वाकलेली किंवा तुटलेली दिसली, मधोमध डाग आला, तर चष्म्याचा नंबर काढण्यात महिना न घालवता त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जावं. मधुमेह असेल तर काहीही त्रास नसताना वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा.

व्हीईजीएफ १९८९ मध्ये सापडलं, त्यावरचं डोळ्याचं औषध २००६ मध्ये आलं, आणि त्याचं स्वस्त भावंड तितकंच चांगलं आहे हे २०११ मध्ये कळलं. पहिली दोन पावलं कंपनीने टाकली आणि त्याचा नफाही घेतला. तिसरं पाऊल सरकारी पैशावाचून पडलं नसतं, आणि गरीब देशांतल्या डोळ्यांना सर्वांत जास्त उपयोग त्याच पावलाचा झाला. नवा रेणू शोधणाऱ्यांना पारितोषिकं मिळतात, मिळायलाच हवीत. पण दोन औषधं शेजारी ठेवून ‘स्वस्तातलं पुरेल का’ हे प्रामाणिकपणे तपासणाऱ्या चाचण्याही संशोधनच आहेत. जैवसमान औषधं बनवण्यात पुढे असलेल्या आपल्यासारख्या देशाने अशा चाचण्यांवर खर्च केला, तर तो व्याजासकट परत येईल.